बाळकाकांची शाखा

लग्नाच्या हॉलमध्ये बाळकाका कुठे सापडतील हे मी डोळे मिटून सांगते. पंगतीत नाहीत, स्टेजसमोरच्या सोफ्यावर नाहीत आणि मानपानाच्या भानगडीत तर नाहीतच. ते आहेराच्या टेबलाशी असतात. पाकिटं घेणाऱ्या पोराशेजारी खुर्ची ओढून बसायचं, पाकिटावरचं नाव वाचायचं आणि देणाऱ्याला तिथेच धरायचं. "कुलकर्णी? कुठले कुलकर्णी? भुईंजचे का? मग तुमच्या आजीला रहिमतपूरला दिली होती... नाही, थांबा, आजीच्या बहिणीला!" मागे रांग खोळंबते. तो बिचारा आहेर करून जेवायला जाणार असतो. आजीची बहीण कोणत्या साली गेली याची रुखरुख घेऊन तो पानावर बसतो.

काका गप्पा मारतायत असं लोकांना वाटतं. पण ते नोंद करत असतात. शर्टाच्या खिशात एक छोटी वही असते, तिच्यात मजकूर उतरतो आणि रात्री घरी गेल्यावर लॅपटॉपमध्ये चढतो.

प्रत्येक घराण्यात असा एक माणूस असतो. पूर्वी त्याच्याकडे ट्रंकेत वंशावळीची गुंडाळी असायची. शिकलेलं घराणं असेल तर वर्गणी काढून कुलवृत्तांत छापायचं आणि उरलेल्या प्रती पुढची तीस वर्षं माळ्यावर सांभाळायचं कामही त्याच्याकडेच. आता त्याच्याकडे सॉफ्टवेअर असतं. आमच्याकडे ते आलं काका निवृत्त झाले त्या पावसाळ्यात. काका एका राष्ट्रीयीकृत बँकेत अकाउंटंट होते. निवृत्तीनंतर त्यांनी घरातल्या डब्यांना नंबर द्यायला सुरुवात केली, तेव्हा मुलाने घाईघाईने आपला जुना लॅपटॉप त्यांच्यापुढे ठेवला आणि वंशावळीचा एक फुकटातला प्रोग्रॅम टाकून दिला. स्वयंपाकघर वाचलं. त्याऐवजी आमचं अख्खं घराणं काकांच्या ताब्यात गेलं.

या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक माणसाचं स्वतंत्र पान असतं. नाव, आडनाव, जन्म, मृत्यू, गाव, व्यवसाय, फोटो, टिपण. दोन माणसं जोडली की कुटुंब तयार होतं, त्याला मुलं लावायची. प्रत्येक माणसाला आपोआप एक क्रमांक मिळतो. काकांनी चाचणी म्हणून पहिल्यांदा स्वतःचंच नाव भरलं, त्यामुळे ते झाले पहिले. वाईला येऊन राहिलेल्या मूळपुरुषाचा कागद नंतर हाती आला, त्याला मिळाला चारशे बारावा नंबर. ही सल काकांच्या मनात अजून आहे. "मूळपुरुष चारशे बारावा आणि मी पहिला, हे बरं दिसतं का?" क्रमांक बदलता येतात असं त्यांना मुलाने सांगितलं. काका म्हणाले, "एकदा उघडलेल्या खात्याचा नंबर बदलत नसतात."

काकांची खरी शिस्त इथे आहे. घराणं म्हणजे शाखा, माणूस म्हणजे खातं आणि नोंद म्हणजे एंट्री. प्रत्येक एंट्रीला आधार हवा. कोणी काही सांगितलं की काका चष्म्यावरून बघतात आणि विचारतात, "व्हाउचर आहे का?" व्हाउचर म्हणजे जन्मदाखला, शाळेचा दाखला, लग्नपत्रिका, सातबारा, देवळातली पावती, कोणाचं तरी पोस्टकार्ड. नसलं तर माणूस प्रोग्रॅममध्ये जातो खरा, पण कोणालाही न जोडता, एकटा. त्या सगळ्या एकट्या माणसांना काका 'सस्पेन्स' म्हणतात. बँकेत ज्या रकमेचा धनी कळत नाही ती सस्पेन्स खात्यात ठेवतात, तसं. माझ्या मोठ्या दिरांना एका समारंभात काकांनी मनापासून मिठी मारली आणि म्हणाले, "तुम्ही अजून सस्पेन्समध्ये आहात बरं का!" दीर पोलीस खात्यात आहेत. ते दोन दिवस अस्वस्थ होते.

बँकेत मेकर आणि चेकर असतात. एकाने एंट्री करायची, दुसऱ्याने तपासून मंजूर करायची, मगच ती पुढे जाते. इथे मेकर काका आणि चेकर काकू. काकूंना या पदासाठी कोणी विचारलं नव्हतं. रोज संध्याकाळी दिवा लावून झाला की काका हाक मारतात, "अगं, ये गं, पास कर." काकू पोळीचं पीठ लागलेल्या हाताने उभ्याउभ्या स्क्रीनकडे बघतात. "हे चूक आहे. कमळीची मोठी मुलगी आधी, मग मुलगा. मी बाळंतविडा घेऊन गेले होते." काका विचारतात, "व्हाउचर?" काकू काही न बोलता पोळ्या लाटायला जातात.

प्रोग्रॅमची पहिली मागणी साधी असते, 'नाव'. आमच्याकडे तिथूनच घोटाळा सुरू होतो. काकांच्या पिढीत घराघरात एक बाळ असे, कधीकधी दोन. आमच्या झाडात अकरा बाळ आहेत. तेवढ्याच ताई आणि अक्का, शिवाय तीन अण्णा आणि एक नुसतेच भाऊ. 'खरं नाव' विचारलं की म्हातारी मंडळी गोंधळतात. ज्या बाईला सत्तर वर्षं सगळ्यांनी ताई म्हटलं तिचं नाव तिच्या मुलालाही धड सांगता येत नाही. आणि बायकांच्या बाबतीत नाव एक कुठे असतं? माहेरचं वेगळं, लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने लिहिलेलं वेगळं, घरात हाक मारायचं तिसरंच. आमच्या खापरपणजोबांच्या तीन बायका झाल्या, एकीमागून एक. सासरी तिघींचंही नाव सरस्वती ठेवलं. घरात बदल नको, असा विचार असावा. प्रोग्रॅममध्ये एकसारखी माणसं हुडकून एकत्र करायची सोय आहे. 'या दोन नोंदी एकाच व्यक्तीच्या दिसतात, एकत्र करू का?' असं त्याने विचारलं आणि काकांनी सकाळच्या चहाच्या भरात होकार दिला. दोन सरस्वतींची एक झाली. दुपारी डेटा तपासायचं बटण दाबलं तर लाल अक्षरांत इशारा, की या बाईची धाकटी मुलं तिच्या मृत्यूनंतर जन्मलेली आहेत. त्या दिवशी काकांनी जेवताना वरणही वाढून घेतलं नाही. एका पूर्वज बाईला आपण चहाबरोबर नाहीशी केली याचं त्यांना फार लागलं. बॅकअपमधून तिला परत आणली तेव्हा कुठे रात्री ताक प्याले.

बॅकअपचं सांगायचं राहिलं. तीन पेनड्राइव्ह आहेत. एक बँकेच्या लॉकरमध्ये काकूंच्या पाटल्यांशेजारी, एक मुलाकडे पुण्याला आणि एक तांदळाच्या डब्यात. तांदळात दमट होत नाही, असं काकांचं मत आहे. काकूंचं मत वेगळं आहे. कुकर लावण्याआधी त्या तांदूळ एकदा डावाने चाचपून बघतात.

तारखांच्या बाबतीत प्रोग्रॅम आणि आमचं घराणं यांची भाषाच जुळत नाही. प्रोग्रॅमला दिवस, महिना, साल हवं. आमच्याकडे तिथी पक्की असते आणि साल बेपत्ता. पणजोबा भाद्रपद वद्य अष्टमीला गेले हे लहान पोरही सांगेल, कारण त्या दिवशी खीर असते. कोणत्या साली गेले? "प्लेगात." आता प्लेग १८९६ मध्ये मुंबईत आला, १८९७ मध्ये पुण्यात त्याने कहर केला आणि पुढे कित्येक वर्षं तो परत परत येत राहिला. तेव्हा 'प्लेगच्या साली' म्हणजे नक्की कोणत्या, यावर काकांनी एक अख्खी दिवाळी घालवली. मानमोडीची साथ बरी, ती १९१८ ची. पानशेतचा पूर १९६१ चा, कोयनेचा भूकंप १९६७ चा, दुष्काळ बहात्तरचा. आमच्या घराण्यातले निम्मे लोक कुठल्या ना कुठल्या संकटाच्या आगेमागे जन्मलेत. जुन्या कागदावर शके असतं, त्यात ७८ मिळवायचे. पण पौष, माघ किंवा फाल्गुनातला जन्म असेल तर इंग्रजी साल उलटलेलं असू शकतं, मग ७९. काका हा हिशेब बोटांवर करतात आणि वर पंचांगवाल्यांना फोन करतात.

ज्यांच्या जन्मतारखेचं व्हाउचर आहे त्यांची आणखी गंमत. वाढदिवसांची यादी काढली तर १ जूनला आमच्या घरात तेवीस वाढदिवस निघाले. शाळेत नाव घालताना मास्तरांनी विचारलं, बापाला सांगता आलं नाही, मास्तरांनी १ जून टाकली. दाखला अस्सल, शिक्का अस्सल, तारीख तेवढी मास्तरांची. काकांसमोर धर्मसंकट उभं राहिलं. आधार आहे म्हणजे एंट्री केलीच पाहिजे, पण ती खोटी आहे हेही ठाऊक आहे. शेवटी त्यांनी तेवीसच्या तेवीस लोकांच्या टिपणात लिहिलं, 'सदर तारीख शालेय सोयीची आहे.' आणि दर १ जूनला सगळ्यांना शुभेच्छाही पाठवतात.

मृत्यूची तर वेगळीच तऱ्हा. ज्याच्या मरणाची नोंद नाही आणि जन्माचंही साल नाही, त्याला प्रोग्रॅम भलेपणाने 'हयात' धरतो. न्यू जर्सीतल्या माझ्या चुलतभावाला द्यायला काकांनी यादी काढली, तर पेशवाईतले नऊ पूर्वज हयात निघाले आणि हयात माणसांची माहिती उघड करायची नाही, या नियमाने त्यांची नावंही झाकली गेली. काकू म्हणाल्या, "अहो, मग पितृपक्षात आपण पान कोणाचं वाढतो?"

तीच यादी न्यू जर्सीला पोचली तेव्हा सगळी नावं प्रश्नचिन्हांत बदलली होती. नाव प्रश्नचिन्ह, आडनाव प्रश्नचिन्ह, गाव प्रश्नचिन्ह. पलीकडच्या प्रोग्रॅमला देवनागरी वाचता येत नव्हती. चुलतभावाने लिहिलं, "काका, हे आपलेच ना?" त्यानंतर काकांनी गेडकॉमचा अभ्यास केला. गेडकॉम म्हणजे एका प्रोग्रॅममधली वंशावळ दुसऱ्यात नेण्याची ठरावीक मांडणी. ती १९८४ मध्ये अमेरिकेतल्या मॉर्मन चर्चने तयार केली, हे काका आता ओळख होताच पाचव्या मिनिटाला सांगतात. हे लोक मागे गेलेल्या पूर्वजांच्या नावाने बाप्तिस्मा करतात, त्यासाठी त्यांना वंशावळी लागतात. "म्हणजे आपलं श्राद्धच की," असं म्हणून काका त्यांना मोठ्या मनाने आपल्यात घेतात.

त्र्यंबकेश्वरला मात्र काका वेगळे दिसले. तिथल्या तीर्थोपाध्यांकडे पिढ्यान्‌पिढ्यांच्या वह्या असतात. घराणं आणि गाव सांगितलं की ते तुमच्या घरातलं कोण, कधी, कोणाबरोबर येऊन गेलं ते काढून दाखवतात. गुरुजींनी लांबट वही उलगडली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. मोडीत होती. काकांनी त्याच्या आदल्याच वर्षी मोडीचा वर्ग केला होता. अडखळत वाचलं, त्यांच्या आजोबांनी स्वतःच्या हाताने लिहिलेलं नाव होतं. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग चष्मा पुसून त्यांनी गुरुजींना विचारलं, "तुमचा बॅकअप कुठे असतो?"

आमची जुनी हस्तलिखित वंशावळ बघितली तर त्यात बाई नाहीच. पुरुषापासून पुरुष, त्याच्यापासून तीन पुरुष. छापील कुलवृत्तांतांत निदान 'यांस दोन कन्या' एवढं तरी सापडतं. प्रोग्रॅमला हे कळत नाही. बापाच्या चौकटीशेजारी आईची चौकट तो न चुकता दाखवतो आणि ती रिकामी राहते. बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाला रिकामी चौकट बघवत नाही. नाती जपायला काका या उद्योगाला लागले असं कोणी म्हणेल, पण मला विचाराल तर त्यांना या रिकाम्या चौकटींनी झपाटलंय.

ताईआत्याची चौकट अशीच होती. काकांची सख्खी आत्या, नऊ मुलांची आई, पण नाव कोणालाच माहीत नाही. शेवटी ते सापडलं एका हक्कसोडपत्रात. वडिलोपार्जित जमिनीवर आमचा हक्क नाही असं चारी बहिणींनी लिहून दिलं होतं. त्यात चौघींची पूर्ण नावं, वयं, नवऱ्यांची नावं, खाली अंगठे. काकांनी मला फोन करून ती नावं वाचून दाखवली आणि म्हणाले, "बघ, ज्या कागदावर यांचं सगळं गेलं, त्याच एका कागदावर यांचं नाव आलंय." मग त्यांना वाटलं आपण फार बोललो. "असो. व्हाउचर पक्कं आहे. नोंदणी कार्यालयाचा शिक्का आहे."

त्याच सुमाराला प्रोग्रॅमने आणखी एक इशारा दिला होता. १९३० च्या फाल्गुनात आमच्या घराण्यात एका महिन्यात चार लग्नं दिसत होती आणि नवऱ्यामुलींची वयं नऊ ते बारा. काकांना वाटलं आपलाच आकडा चुकला. कागद परत काढले, आकडा बरोबर होता. मुलींच्या लग्नाचं किमान वय १४ ठरवणारा शारदा कायदा १ एप्रिल १९३० पासून लागू होणार होता, म्हणून त्याआधीच्या महिन्यांत देशभर लोकांनी मुली उजवून टाकल्या. आमच्याही. चौघींत सगळ्यात धाकटी ताईआत्या. या नोंदीवरचा इशारा बंद करायची सोय प्रोग्रॅममध्ये आहे. काकांनी तो बंद केलेला नाही. तपासणीचं बटण दाबलं की दर वेळी ती चार नावं लाल होऊन येतात आणि काका ती येऊ देतात.

आणि एका बाबतीत काकांनी व्हाउचरचा नियम मोडलाय. आमच्या झाडात एक धोंडू आहे आणि एक भिकाजी. मुलं जगत नसली की पुढच्याचं नाव धोंडू, भिकाजी, दगडू ठेवायचं, म्हणजे त्याच्यावर कोणाची नजर पडत नाही. काकांनी धोंडूच्या आधी एक नोंद केली आहे. नाव नाही, तारीख नाही, लिंगही 'अज्ञात'. संदर्भाच्या जागी फक्त 'धोंडूचं नाव' एवढंच लिहिलंय. काकूंनी ती एंट्री काही न विचारता पास केली.

आता दर्शनाविषयी. काकांकडे गेलं की पाणी येतं, मग चहा, मग लॅपटॉप. "स्वतःवर क्लिक कर." समोर आपलं पान उघडतं आणि वर आपला फोटो, कुठल्या तरी मुंजीत जिलबी तोंडात असताना काढलेला. फोटो बदला म्हटलं की काका म्हणतात, "ओळख पटते ना?" मावशींना वय झाकून हवं असतं. वाटणीवरून अबोला धरलेले एक चुलते मागच्या वर्षी अचानक आले, फार प्रेमाने बोलले आणि वारसनोंदीच्या अर्जाला जोडायला वंशावळीचा प्रिंट मागू लागले. काकांनी दिला. शिवाय त्यांच्याकडून त्यांच्या तीन नातवंडांच्या जन्मतारखा दाखल्यांसकट वसूल केल्या. पुतण्या लग्न न करता एका मुलीबरोबर राहतोय हे कळल्यावर घरात आठवडाभर कुजबूज चालली. काकांनी प्रोग्रॅम उघडला, संबंधाच्या प्रकारात 'अविवाहित' असा पर्याय दिसला, तो निवडला आणि त्या मुलीला फोन केला. "अभिनंदन. तुमच्या आजीचं माहेर कुठलं?" घरातून तिला आलेला तो पहिला फोन.

वंशावळीच्या रीतीप्रमाणे बाई माहेरच्या आडनावानेच नोंदवतात, सासर लग्नाच्या नोंदीतून कळतं. मी आडनाव बदललं नाही म्हणून आमच्याकडे जो तमाशा झाला होता, तो काकांनी एका वाक्यात मिटवला होता. "तिचं बरोबर आहे. एंट्री अशीच होते." पण काकूंच्या लक्षात ही रीत बऱ्याच उशिरा आली. एका संध्याकाळी पास करता करता त्यांना स्वतःचं पान दिसलं, वर लग्नाआधीचं नाव, पंचेचाळीस वर्षांपूर्वीचं. त्या खुर्चीत बसल्या. त्यांनी वर-खाली करून बघितलं. त्यांच्या माहेरची मिळून तीनच माणसं होती, आई, वडील आणि एक भाऊ, तोही चुकीच्या गावात. "माझ्याकडची एवढीच माणसं का हो?" काका म्हणाले, "व्हाउचर कुठे दिलीस तू?"

इथे काका फसले. काकूंनी लॅपटॉप ओढून घेतला. एका हळदीकुंकवाच्या दुपारी त्यांनी जेवढी माहिती गोळा केली तेवढी काकांना वर्षभरात मिळाली नसती. काका जन्मतारीख विचारतात आणि बायका गप्प होतात. काकू विचारतात, "तुझ्या वेळी आईचं डोहाळजेवण गौरीच्या आधी झालं की नंतर?" आणि पुढचा अर्धा तास साल, महिना, वार, साडीचा रंग, कोणती जाऊ रुसली होती, सगळं आपोआप येतं. माहेरची तीनशे माणसं भरून झाली. मग त्या शेजाऱ्यांकडे वळल्या, मग भजनी मंडळाकडे. काकांनी हरकत घेतली, यांचा आपल्याशी संबंध काय? काकू म्हणाल्या, "सस्पेन्समध्ये ठेवलंय. निघेल कुठे ना कुठे." आणि खरंच निघतो. पेटी वाजवणाऱ्या बाई काकांच्या मावशीच्या नणंदेच्या घरातल्या निघाल्या.

हल्ली संध्याकाळी दिवा लागला की हाक स्वयंपाकघरातून नाही, लॅपटॉपपाशी बसलेल्या काकूंकडून येते. "अहो, या, पास करा." काका हात पुसत येतात, चष्मा चढवतात आणि भीत भीत विचारतात, "याला आधार?" काकू म्हणतात, "मी होते तिथे." काका पास करतात.

परवा काकांचा फोन आला, आवाज हळू. "तू जरा तुझ्या काकूशी बोल. तिने पासवर्ड बदललाय. मी मागितला तर म्हणते, आधी लेखी अर्ज द्या."